उचकीवर उतारा म्हणून एक आळ

तुमच्या घरात कुणाला उचकी लागली आणि ती जाईना, तर तुम्ही आधी कुणाला बोलावता? डॉक्टरला, की शेजारणीला?

उत्तर द्यायची घाई करू नका. मला कुणी विचारलं असतं तर मीही ठणकावून 'डॉक्टरला' म्हटलं असतं. मी पत्रकांवर वाढलेली मुलगी आहे, आणि हे शब्दशः खरं आहे. नाना, म्हणजे माझे वडील, पनवेलच्या एका लहान छापखान्यात खिळे, म्हणजे शिशाची अक्षरं, जुळवतात. आमच्याकडे पाहुणे आले आणि उशा कमी पडल्या की दारूबंदीच्या पत्रकांचा गठ्ठा डोक्याखाली घ्यायचा. मला अक्षरओळख झाली ती 'अंगारे-धुपारे सोडा, दवाखान्यात चला' या पत्रकावरून. त्याचे खिळे नानांनीच जुळवले होते. मॅट्रिक झाल्यावर मी त्याच छापखान्यात मुद्रितं तपासायला लागले. अशा घरात उचकीनं मी मरता मरता वाचले. कशी वाचले यापेक्षा कशी मरत होते ते सांगण्यासाठी हे लिहिते आहे.

उपाय

पहिली उचकी छापखान्यात लागली. पाणी प्यायले, हसले, कामाला लागले. संध्याकाळी घरी आले तरी ती चालूच होती. आईनं चिमूटभर साखर जिभेवर ठेवली आणि नावं घ्यायला सुरुवात केली. हे तुम्हांलाही ठाऊक असेल. उचकी म्हणजे दूर कुणीतरी आठवण काढतंय. एकेक नाव घ्यायचं, बरोबर नाव आलं की उचकी थांबते. पेणची मावशी झाली, कर्जतचा मामा झाला, लग्न होऊन गेलेली शाळेतली मैत्रीण झाली. उचकी कुणाचीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी गल्ली आत आली. आमच्याकडे कुणाला ताप आला तर लोक दारातूनच विचारून जातात. उचकी लागली की आत येतात, कारण तापावर प्रत्येकाकडे उपाय नसतो, उचकीवर असतो. नाक दाबून पाणी प्यायले. भांड्याच्या पलीकडच्या कडेनं पाणी प्यायले आणि निम्मं पोलक्यावर सांडलं. हळकुंड जाळून त्याचा धूर नाकात घेतला. कुणाच्या तरी म्हाताऱ्यानं तपकीर दिली, म्हणजे शिंक येईल आणि शिंकेबरोबर उचकी जाईल. शिंका आल्या. उचकीही आली. दोन्ही एकदम आल्या की बरगड्यांत जे होतं ते शब्दांत सांगता येत नाही.

मग मोरपिसाची राख. समोरच्या सुमतीकाकूंनी देवघरातलं मोरपीस आमच्या चुलीवर जाळलं. जळक्या केसांसारखा वास घरभर पसरला. ती काळी भुकटी मधात कालवून त्यांनी आपल्या बोटानं माझ्या जिभेवर चोळली. त्या बोटाला सकाळच्या भाजीची फोडणी लागली होती. आजही मध पाहिला की मला ते बोट आठवतं.

आमच्या गल्लीत उरणकडची एक मासळीवाली येते, जनाबाय. तिनं दारातून माझी उचकी ऐकली, टोपली उतरवली आणि नांग्या हलवणारी एक जिवंत चिंबोरी माझ्या मांडीवर टाकली. मी किंचाळले. चिंबोरी पाटाखाली पळाली.

"गेली का नाय उचकी?" जनाबाय म्हणाली.

उचकीनंच तिला उत्तर दिलं.

"मंग बाय, चिंबोरी तरी विकत घेवा. मी तिला आता पाटाखालून काढीत नाय."

त्या सगळ्या दिवसांत मला एवढंच एकदा हसू आलं. हसताना उजव्या कुशीत काहीतरी खुपलं. त्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही, माझंही नाही. सगळ्यांचं लक्ष उचकीकडे होतं.

आळ

आमच्याकडे आणखी एक उपाय आहे, आणि मी ज्याच्याविषयी लिहिते आहे तो हाच. उचकी लागलेल्या माणसावर अचानक खोटा आळ घ्यायचा. लहान मुलाला म्हणायचं, डब्यातला लाडू तूच चोरलास ना? मूल दचकतं, रडकुंडीला येतं, उचकी जाते आणि मोठी माणसं हसतात. सगळ्यांना ठाऊक असतं की लाडू कुणी चोरलेला नाही.

सुमतीकाकू स्वयंपाकघरात आईला म्हणाल्या, "आता बघा वहिनी, मी कशी घालवते ते." हे मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. आईनंही ऐकलं. म्हणजे पुढचं वाक्य बनावट आहे हे त्या दोघींना ते उच्चारण्याआधीच माहीत होतं.

काकू बाहेर आल्या, कमरेवर हात ठेवले आणि ओसरीवर बसलेल्या चार बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "काय गं, वाचनालयातल्या त्या मधुकरला चिठ्ठ्या देतेस म्हणे?"

तळ्याच्या बाजूला आमच्या भागातल्या वर्गणीदारांनी चालवलेलं एक लहानसं वाचनालय आहे. मधुकर तिथं पुस्तकं द्यायचा. छापखान्यातून पत्रकं निघाली की त्यांचा गठ्ठा मी त्याच्याकडे पोचवत असे आणि तो ती येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटत असे. आमचं बोलणं झालंच तर शुद्धलेखनावरून भांडण व्हायचं. काकूंनी त्याचं नाव का घेतलं? दुसरं कुठलं तरुण नाव त्यांना त्या घटकेला सुचलं नसेल, एवढंच.

मला धक्का बसला. बसणारच, त्यासाठीच तर वाक्य केलं होतं. आणि उचकी थांबली.

काकू हसल्या. मग त्यांचं हसू हळूहळू मावळलं. ओसरीवरची एक बाई दुसरीकडे पाहू लागली. समोरचा चहा निवेपर्यंत माझी उचकी आली नाही, आणि तेवढ्या वेळात माझ्या आजाराचा निकाल लागला.

"अगंबाई," काकू हलकेच म्हणाल्या, "म्हणजे खरंच की."

तुम्ही हे नीट वाचा. आळ त्यांनीच रचला. रचला तो खोटा म्हणून. तो लागू पडला म्हणून तो खरा ठरला. नाव बरोबर आलं की उचकी थांबते, हा नियमही हाताशी होताच. दोन उपायांची गाठ पडली आणि त्या गाठीत मी अडकले.

चहावर साय धरली आणि उचकी परत सुरू झाली. पण आता ती कुणाला ऐकू येत नव्हती.

बंद दार

त्या दिवसापासून मी आजारी राहिले नाही, मी एक प्रकरण झाले. रोज संध्याकाळी मला थंडी वाजून ताप यायचा. आईच्या लेखी तो लाजेचा ताप होता. उजवा खांदा ठणकायचा. रडून रडून अवघडला असेल, असं ठरलं. मी रडत नव्हते. डाव्या कुशीवर वळलं की पोटात दगड घसरल्यासारखं वाटायचं, म्हणून मी भिंतीला टेकून बसूनच राहायचे. तर मी अन्नावर रुसले आहे असं बाहेर सांगितलं गेलं. उचकीमुळे घास उतरत नव्हता. जे उतरायचं ते आंबट होऊन परत यायचं. मोरी धुवायला मला उठवत नव्हतं आणि दुसऱ्या कुणाला घरात घ्यायचं नव्हतं, म्हणून खोलीला तो वास लागून राहिला. आजही कधीकधी मला तो माझ्या केसांना येतो.

मी आईला म्हटलं, डॉक्टरांना बोलाव. सरकारी दवाखाना हाकेच्या अंतरावर आहे.

"डॉक्टर विचारणार, केव्हापासून? कशानं? काय सांगू त्यांना?" आई म्हणाली. मग माझ्या केसांवरून हात फिरवून, अगदी मायेनं, "मनात आहे ते एकदा बोलून टाक. मोकळी होशील. मग आणू डॉक्टर."

डॉक्टरची किंमत एक कबुली होती. मी ती दिली नाही. शूर होते म्हणून नव्हे. मला त्या व्यवहाराची शिसारी आली. खोटं बोलून मिळवलेल्या औषधानं मी बरी झाले असते, पण त्या मुलाचं काय झालं असतं? आणि कबूल करूनही उचकी थांबली नसती, तर त्यांनी आणखी एक नाव शोधलं असतं.

आणि नाना? नाना सकाळी छापखान्यात जायचे, संध्याकाळी यायचे, ओसरीवर पाठमोरे बसायचे. हाताची शाई धुवायला त्यांना फार वेळ लागायचा. मी आतून उचकी द्यायचे. त्यांच्या पाठीवरून ती त्यांना ऐकू येते आहे हे मला कळायचं.

नाव समोर उभं राहिलं

मग मधुकर आला. वाचनालयात कुणीतरी त्याला हसत हसत विचारलं होतं, तेव्हा त्याला सगळा प्रकार कळला. भर दुपारी, उघड, चपला दारात काढून तो आत आला. ओसरीवर काकू होत्या. नाना जेवायला घरी आले होते.

तो नानांना नमस्कार करून म्हणाला, "माझ्या नावानं उचकी थांबते असं ऐकलं. घ्या माझं नाव. मी इथं उभा राहतो."

कुणी घेईना. मग त्यानं स्वतःच ते मोठ्यानं उच्चारलं, बापाच्या नावासकट, शाळेत हजेरी देतात तसं. मला उचकी आली. त्यानं पुन्हा नाव उच्चारलं. पुन्हा आली. इतकी स्वच्छ, इतकी ठसठशीत उचकी त्याआधी कधी आली नव्हती. मला वाटलं, संपलं. सुटले.

सुमतीकाकू म्हणाल्या, "समोर उभा असताना आठवण कशाला काढील तो?"

मी त्या वाक्यावर पुष्कळ विचार केला आहे. इस्पितळात पडल्या पडल्या दुसरं काम नव्हतं. त्या वाक्याला उत्तर नाही. तुम्ही हजर राहिलात तरी दोषी, दूर राहिलात तरी दोषी. आमच्या छापखान्यातून इतकी पत्रकं निघाली, त्यातल्या एकातही यावरचं उत्तर मी वाचलेलं नाही.

मधुकर काकूंशी भांडला नाही. तो माझ्याकडे बघत होता, आणि मला वाटतं, इतक्या दिवसांत माझ्याकडे खरोखर बघणारा तो पहिलाच माणूस होता. तो नानांकडे वळला.

"नाना, तिचे डोळे पिवळे दिसताहेत. तुमची पत्रकं मी वाटतो. 'दवाखान्यात चला' असं लोकांना तोंडानंही सांगतो. इथून मी दवाखान्यात जातो आहे. डॉक्टर आले तर दार लावू नका, एवढंच."

तो गेला. नाना उठले. मला वाटलं, दार लावायला. ते उंबऱ्यावर जाऊन बसले आणि डॉक्टर येईपर्यंत तिथून हलले नाहीत. काकू मधुकरच्या मागोमाग ओसरीवरून आत आल्या होत्या, त्यांना बाहेर पडताना नानांना ओलांडून जावं लागलं.

निदान

डॉक्टरांनी उचकीबद्दल एक अक्षर विचारलं नाही. उजव्या बरगडीखाली बोटं दाबली आणि मी अशी ओरडले की स्वयंपाकघरात आईच्या हातून पळी पडली. मग त्यांनी विचारलं, मागं आंव झाली होती का? झाली होती, पावसाळ्यात. बेलाच्या मुरांब्यावर काढली होती.

"यकृतात पू झाला आहे. तो वरच्या, श्वासाच्या पडद्याला डिवचतो, म्हणून उचकी. आत फुटला तर मी काही करू शकणार नाही. आज मुंबईला न्या." मग त्यांची नजर कोनाड्यातल्या बशीकडे गेली. काळी राख मधात घट्ट होऊन बसली होती आणि तिला मुंग्या लागल्या होत्या. "हे काय आहे?"

आई म्हणाली, "घरगुतीच चाललं होतं."

डॉक्टरांनी बशी उचलली आणि मोरीत उपडी केली. त्यांचा मला फार आधार वाटला.

भाताच्या गिरणीचा एक मालट्रक मुंबईला निघाला होता. पोत्यांवर गोधडी घालून मला निजवलं. नाना उशाशी बसले. ठाण्यापर्यंतचा तो रस्ता मला खड्ड्याखड्ड्यानं आठवतो. प्रत्येक खड्ड्याला मी वाट पाहायचे, आता फुटेल. खड्डा नसला की उचकी होतीच. नानांनी माझा हात धरला होता आणि मला तो सोडवून घ्यायचा होता, पण ताकद नव्हती.

इस्पितळ

इस्पितळाबद्दल भीती घालणारं मी काही लिहिणार नाही. ज्यांना जायचं आहे त्यांनी निश्चिंत जावं. पहाटे अंग पुसतात, पांढऱ्या भांड्यात पेज देतात, फिनेलचा वास येतो. आमच्या खोलीतल्या वासापुढे मला तो अत्तरासारखा वाटला. चादर रोज बदलत नाहीत, पण बदलतात तेव्हा रडू येतं.

शेजारच्या खाटेवरच्या बाईनं माझी उचकी ऐकली आणि पहिल्याच दिवशी मान वळवून विचारलं, "माहेरचं कुणी आठवण काढतंय का गं?" मी डोळे मिटून घेतले. तिला भेटायला आलेल्या बहिणीनं तेवढ्यात लिंबू आणि मधाचा उपाय सांगायला सुरुवात केली. वॉर्डाची सिस्टर जाडजूड, घाईची बाई होती. ती औषधाची गाडी ढकलत तिथं थांबली.

"भेटायची वेळ संपली. उपाय सांगायचे असतील तर बाहेर जाऊन एकमेकींना सांगा. इथं माझी पेशंट आहे."

माझी पेशंट. कुणाची मुलगी नाही, कुणाच्या आठवणीतली नाही. त्या दोन शब्दांवर मी कितीतरी दिवस काढले.

तिथल्या डॉक्टरांनी बरगड्यांमधून सुई घातली आणि पू काढला. मी मान वळवली नाही, बघितलं. काचेच्या बाटलीत तो मातकट, चॉकलेटी रंगाचा, दाट उतरत होता. सिस्टरनं पदराखाली नाक लपवणाऱ्या, वॉर्डात झाडलोट करणाऱ्या मावशीला दटावलं. नाना दारात होते. त्यांनी बाटली पाहिली. मला वाटलं, ही बाटली पनवेलला न्यावी. ओसरीवर मधोमध ठेवावी आणि विचारावं, यातला मधुकर कुठला तेवढा दाखवा.

इंजेक्शनं पुष्कळ झाली. पुन्हा एकदा सुई झाली. मग एका सकाळी पेज पिताना माझ्या लक्षात आलं की मी वाटी न थांबता संपवली आहे. उचकी कधी थांबली ते मला सांगता येणार नाही. त्या वेळी कुणीही कुणाचं नाव घेतलं नव्हतं.

नानांचं उत्तर

उठून बसता येऊ लागलं तेव्हा मी नानांना विचारलं. भेटायची वेळ होती, ते मोसंबं सोलत होते.

"तुम्हांला ते खरं वाटलं होतं?"

त्यांनी सालीचे तुकडे एकत्र केले. "नाही," ते म्हणाले. "पहिल्या दिवसापासून नाही."

"मग?"

"गल्ली ऐकत होती."

त्यांना ते खरं वाटलं असतं तर मी आजच विसरले असते. आईला खरं वाटलं होतं. तिच्यावर मला राग आला, तो गेलाही. भोळ्या माणसाची किळस येत नाही. मला किळस येते ती ज्याला ठाऊक आहे आणि जो पाठमोरा बसतो त्याची. ज्यानं स्वतःच्या बोटांनी 'दवाखान्यात चला' जुळवलं, त्याची मुलगी आत कुजत होती, आणि तो हात धूत होता. हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मोसंब्याची फोड पुढे केली. मी घेतली, कारण भूक लागली होती. याहून अधिक समेट आमच्यात अजून झालेला नाही. मात्र हा मजकूर त्यांनीच जुळवला आहे आणि त्यातला एक शब्दही बदललेला नाही, हे मी नोंदवते.

आता तुम्ही

मी परत आले तेव्हा सुमतीकाकू नारळ घेऊन भेटायला आल्या. म्हणाल्या, "काही म्हण, माझ्या उपायानं थोडी तरी थांबली होती ना?" मी त्यांना, त्यांनी जे ओसरीवर म्हटलं ते खोटं होतं असं त्याच ओसरीवर, त्याच बायकांपुढे म्हणायला सांगितलं. "आता कशाला जुनं उकरतेस," त्या म्हणाल्या आणि नारळ ठेवून गेल्या. तो मी फोडलेला नाही.

मधुकर पनवेलमध्ये नाही. मी इस्पितळात असताना वाचनालयाच्या मंडळींनी त्याला, बोभाटा नको म्हणून, येऊ नकोस असं सांगितलं. ज्यानं डॉक्टर आणला त्याचं काम गेलं. ज्यांनी राख आणली त्या अजून ओसरीवर बसतात. तो पळस्प्याच्या नाक्यावर एका सायकलच्या दुकानात बसतो असं ऐकते. मी जाऊन भेटले तर गल्लीला पुरावा मिळेल. म्हणून गेले नाही, आणि याचीही मला चीड येते.

तेव्हा वाचकहो, तुमच्याकडे दोन गोष्टी मागते. घरात कुणाची उचकी रात्र उलटूनही राहिली, बरोबर ताप असला, कुशीत दुखलं, तर नावं घेऊ नका. माणसाला उचला आणि दवाखान्यात न्या.

दुसरी गोष्ट आज करायची आहे. एक साधं कार्ड घ्या. पत्ता लिहा: चिटणीस, तळ्याकाठचं वाचनालय, पनवेल. पोस्टमनला ठाऊक आहे. सही आपली, गाव आपलं, आणि मजकूर फक्त एवढाच: 'उचकी यकृतातून आली होती. मधुकरला परत बोलवा.'

हे पान उलटायच्या आधी लिहा.